घरच्यांना खिळा नाही

सुट्टीच्या दिवशी लाँड्री इतकी गप्प असे की ताईला ते घर परक्याचं वाटायचं. एरवी खाली धुण्याचे मोठे ड्रम घरघरत असत, वाफ सुटत असे आणि वरच्या मजल्यावर आईच्या स्वयंपाकघरातली भांडी दिवसभर फळीवर थरथरत असत. तिन्ही भावंडं त्या थरथरीतच झोपायला शिकली होती. आज बॉयलर थंड होता, म्हणूनच जिन्याच्या तळाशी उभी असताना तिला वरून ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज ऐकू आला. "आता ते सारखंच लागतं," असं धाकटी बहीण फोनवर म्हणाली होती, पण फोनवर कळणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. कठडा धरून ताई थोडा वेळ तिथेच थांबली.

जिन्याशेजारी हजेरीचा फळा होता. ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा. कामगाराने आल्यावर आपला बिल्ला खिशात टाकायचा, जाताना परत अडकवायचा. बिल्ला दिवसभर खिळ्यावरच लटकत राहिला तर त्या दिवशी खाडा. आप्पांनी, म्हणजे ताईच्या वडिलांनी, लाँड्री उभी केली तेव्हापासूनची ही पद्धत, आणि आप्पांचाच दुसरा नियम असा की घरच्यांना खिळा नाही. "आपण कसली हजेरी लावायची? आपण घरचे!" असं ते मोठ्या ऐटीत सांगायचे. आई जन्मभर चादरींच्या घड्या घालत राहिली, तिला खिळा नव्हता. वहिनी लग्न होऊन आली ती गुडघे जाईपर्यंत काउंटरवर उभी राहिली, तिलाही नव्हता. धाकटीने कॉलेज अर्धवट टाकून इस्त्रीचा हॉल हातात घेतला आणि तिथेच तिचे केस पांढरे व्हायला लागले, तरी तिलाही नव्हता. लहानपणी ताईला याचा कोण अभिमान! शाळेत ती मैत्रिणींना मिरवून सांगायची. पुढे हीच ताई कामगारांची वकील झाली, हजेरीच्या फळ्यांवरून भल्याभल्या मालकांना कोर्टात घाम फोडू लागली. पण या फळ्याकडे तिने कधी वकिलाच्या नजरेने पाहिलंच नाही. गेल्या आठवड्यात धाकटीचा फोन आला, तेव्हा तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

वर सगळे तिचीच वाट बघत बसले होते. दादा खिडकीपाशी, सुट्टीच्या दिवशीही कामाचाच शर्ट घालून. वहिनी स्टुलावर पाय लांब करून, गुडघ्याला पट्टा बांधलेला. धाकटी मात्र आईच्या खोलीच्या चौकटीला टेकून उभी होती, म्हणजे एक कान इकडे आणि एक तिकडे.

"ये," दादा म्हणाला. "वकील आल्याशिवाय बोलायचंच नाही असं ठरलंय म्हणे."

"मी वकील म्हणून नाही आले रे."

"मग काय पाहुणी म्हणून आलीस?"

"तिला बसू तर द्या आधी," वहिनी म्हणाली. तिने चहाचा कप पुढे सरकवला. चहा केव्हाच निवला होता.

आतून आईचा आवाज आला, अगदी बारीक. "कोण आलंय ग?"

"ताई आलीय, आई."

"जेवून आलीय का विचार तिला."

पूर्वी हा प्रश्न जिन्यापर्यंत खणखणीत ऐकू यायचा. आता एवढ्या वाक्यासाठी आईला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला होता.

सुरुवात धाकटीनेच केली. ती बोलायला कच्ची. हॉलमध्ये पंचवीस बायका तिच्या नुसत्या भुवईच्या इशाऱ्यावर चालत, पण घरात दादासमोर तिचं तोंड उघडत नसे. आज मात्र मनाशी घोकून आली असावी.

"ताई, तुला फोनवर सांगितलंच आहे. आई बाथरूमपाशी पडली, तेव्हा मी खाली इस्त्रीच्या रोलरवर होते. ती हाका मारत होती. मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार? जेवायच्या सुट्टीत वर आले, तर ही तशीच फरशीवर. अंग गार पडलेलं. उचलली तर मला काय म्हणाली ठाऊक आहे? रोलर बंद करून आलीस ना?" ती जरा थांबली. "डॉक्टरांनी आशा सोडलीय. आता जेवढं आहे तेवढं मला तिच्याजवळ राहायचंय. एवढंच. नंतर मी परत हॉलमध्ये येईन. माझी जागा तेवढी ठेवावी, असं मी दादाला म्हटलं."

"आणि मी म्हटलं, राहा आईजवळ, कोण नको म्हणतंय?" दादा म्हणाला. "पण जागा रिकामी कशी ठेवू ते सांग. हॉस्पिटलच्या चादरी रोज पहाटे जायला लागतात. त्यांना काय सांगू, आमच्या घरी आजारपण आहे, तुमचे पेशंट उघड्या गादीवर झोपवा? हॉलवर माणूस लागतोच. आणि जो माणूस बसेल त्याला मी चार महिन्यांनी ऊठ म्हणून सांगायचं?"

"जो माणूस म्हणजे तुझा चिरंजीव," ताई म्हणाली.

"हो, आपलाच. त्यात काय चोरी आहे?" हे वहिनी बोलली.

ताईने वाद वाढवला नाही. दादा उलट्या काळजाचा माणूस नव्हता, हे तिला पक्कं माहीत होतं. आईच्या खोलीतलं यंत्र त्यानेच धावपळ करून आणलं होतं, आणि ते नीट चालतंय का हे बघायला तो रोज दहा वेळा जिना चढायचा. पण आप्पांनी लाँड्री त्याच्या गळ्यात बांधली, तेव्हापासून तो चादरींच्या हिशेबानेच श्वास घ्यायला शिकला होता.

"पण दादा," धाकटी म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला, "आता तर कायदाच आहे ना. ताईचाच कायदा!"

ताईने चहाचा कप जवळ ओढला.

कायदा ताईच्या एकटीचा नव्हता, पण मसुदा करणाऱ्या समितीत ती होती आणि त्यातली निम्मी कलमं तिने भांडून घातली होती. घरात कुणी अत्यवस्थ असेल तर कामगाराला रजा, आणि परतल्यावर त्याची तीच जागा. तो मंजूर झाला तेव्हा रेडिओवर तिची मुलाखत झाली होती. धाकटीने ती हॉलमध्ये सगळ्या बायकांना मोठ्याने ऐकवली, रोलर थांबवून, आणि त्याबद्दल दादाची बोलणीही खाल्ली.

"तू काय म्हणाली होतीस ते मला पाठ आहे," धाकटी सांगत होती. "रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. परत यायला जागा असेल तरच ती रजा, नाहीतर तो गोड बोलून घेतलेला राजीनामा. लहानात लहान दुकानातल्या झाडूवालीलासुद्धा हा हक्क हवा. आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, ताई! मी म्हटलं, बहीण आहे माझी."

ताई कपातल्या थंड चहाकडे बघत राहिली. दादाला ते कलम माहीत नसावं, अशी वेडी आशा धरून ती इथवर आली होती. बोलून, समजावून, प्रसंगी रडून काम होईल आणि कायद्याचं पुस्तक उघडायची वेळच येणार नाही, असं तिने गाडीत बसल्यापासून मनात घोळवलं होतं.

दादाने चष्मा काढून पुसला. "तू नाही सांगत तिला? मग मी सांगतो. घरच्यांना तो कायदा लागू नाही. मालकाच्या कुटुंबातली माणसं सोडून, असं लिहिलंय त्यात."

"काहीतरीच काय!" धाकटी हसली. "असं कसं लिहितील?"

"कसं म्हणजे? आमच्या लहान मालकांच्या संघटनेनेच मागितलं होतं, मी होतो ना आमच्या बैठकीला. आणि समितीतर्फे ते मान्य कुणी केलं, ते तुझ्या बहिणीला विचार."

धाकटीने ताईकडे पाहिलं. वहिनीनेही पाहिलं. आतलं यंत्र तेवढं घुरघुरत होतं.

"संघटनेचे लोक उठून जायला निघाले होते," ताई म्हणाली. आपला आवाज कोर्टातल्यासारखा येतोय हे तिला कळत होतं, पण दुसरा आवाज सापडत नव्हता. "लहान धंद्यांना कायदा लावूच देत नव्हते. मग दुकानातल्या, हॉटेलातल्या, लाँड्रीतल्या लाखो बायका बाहेरच राहिल्या असत्या. कुठंतरी सोडावं लागतं, धाकटे. मी ते एक कलम सोडलं. मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"मला वाटलं, घरच्यांना कायदा लागतो कशाला."

म्हणतानाच तिला ऐकू आलं की हे वाक्य आप्पांचं आहे. समितीच्या बैठकीत ती हे वाक्य हसत हसत बोलली होती, आणि टेबलाभोवतीची सगळी शहाणी माणसंही हसली होती. बारा वर्षांची असताना शाळेत मिरवलेला आप्पांचा नियम तिने तसाच्या तसा कायद्यात नेऊन ठोकला होता.

"बरोबरच आहे," दादा म्हणाला, आणि त्यात खोचकपणा नव्हता. "घरच्यांना रजा कसली? घरचा माणूस वेळ बघून कामाला लागतो आणि वेळ बघून उठतो. तुझ्या वहिनीला विचार. तिने मागितली कधी रजा?"

"मागितली होती," वहिनी म्हणाली.

दादा वळला. "कधी?"

"माझे बाबा आजारी होते तेव्हा. आप्पांकडे मागितली. ते म्हणाले, हॉटेलचा माल जाऊ दे, मग जा. माल गेला. मग मी गेले. तोवर बाबाही गेले होते."

"मला हे कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलंत?" वहिनीने पट्टा सैल केला आणि परत आवळला. "द्या हो तिला रजा. दोन बायका आळीपाळीने बघतील हॉल. पोरगा काय, थांबेल आणखी थोडा."

खोलीतलं वारं फिरलं. धाकटीने चौकट सोडून दोन पावलं पुढे टाकली. दादा काही न बोलता खिडकीतून खालच्या वाळवणीच्या रिकाम्या दोऱ्यांकडे बघत राहिला, आणि तो गप्प बसला म्हणजे विरघळतोय, हे तिघींनाही अनुभवाने माहीत होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण ताईला थांबणं ठाऊक नव्हतं. समोरचा डळमळला की आणखी एक मुद्दा मारायचा, ही तिची इतक्या वर्षांची सवय.

"आणि हे बघ दादा," ती म्हणाली, "दोन्हीकडून नाही बोलता येणार. धाकटी कामगार नसेल, घरची असेल, तर ती मालकीण झाली. मालकिणीला तिच्या जागेवरून कोण उठवणार?"

वहिनीचा हात पट्ट्यावरच थांबला. "मालकीण म्हणजे? वाटण्या करायच्यात का तुम्हाला?"

"तसं नव्हे वहिनी, मी नुसतं कायद्याच्या दृष्टीने..."

"कायद्याची दृष्टी पुरे झाली! आप्पांनी लाँड्री यांच्या नावावर केलीय. माझा मुलगा रोज खाली गठ्ठे उचलतोय तो कुणाच्या भरवशावर? आज रजा, उद्या हिस्सा. मी आपली भोळी, बापाची आठवण काढून बसले." ती उठायला गेली, गुडघा चमकला आणि परत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्याने की रागाने, कुणालाच सांगता आलं नसतं. "अहो, काय ते ठरवून टाका. मुलाला उद्या हॉलवर बसवा."

"मला हिस्सा नकोय, वहिनी," धाकटी म्हणाली. "मला आईजवळ बसायचंय."

पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत आता कुणी नव्हतं. ताईला स्वतःच्या जिभेचा संताप आला. जुळत आलेलं तिने आपल्या हाताने मोडलं होतं.

मग दादा बोलला. दमलेल्या माणसाचा आवाज होता.

"असं करू. मला हिला नुसतं असंच सोडता येत नाही. एकीला मनाने रजा दिली तर उद्या खालच्या सगळ्या येऊन उभ्या राहतील, आणि घरातही मला ऐकून घ्यावं लागेल. पण कायद्यानेच बांधलं, तर माझ्याही हातात काही राहत नाही, हिच्या वहिनीच्याही नाही. बरोबर? घरच्यांना लागू नाही ना? मग मी धाकटीला खिळा देतो. उद्या सकाळी फळ्यावर खिळा ठोकतो, नवीन बिल्ला करतो. झाली कामगार. आप्पा वरून काय म्हणायचं ते म्हणोत. आता बसते ना ती तुझ्या कायद्यात?"

वहिनी काही बोलली नाही, म्हणजे तिला एवढं चालणार होतं. कायद्यापुढे हरण्यात तिचा मान जात नव्हता.

आणि धाकटी! धाकटीचा फुललेला चेहरा ताईला बघवत नव्हता. इतकी वर्षं त्या फळ्यासमोरून जाताना तिला एक खिळा हवा होता, हे ताईला त्या क्षणी कळलं. "माझा खिळा?" ती म्हणाली. "कितवा आकडा देशील?" मग लाजली. "ताई, झालं ना? आता बसते ना मी?"

ताईने नजर कपाकडे वळवली.

"ताई?"

कलम तिच्या डोळ्यांसमोर छापल्यासारखं होतं. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगारास. तेही तडजोडीतच आलं होतं. तीन वर्षांवरून तिने भांडून एकावर आणलं होतं आणि त्या दिवशी जिंकल्याच्या आनंदात घरी गेली होती. नवा खिळा म्हणजे नवी नेमणूक. धाकटीचं वर्ष उद्यापासून सुरू होणार. आईजवळ तेवढं वर्ष नव्हतं. ती हिवाळासुद्धा काढणार नव्हती.

दादाने कायद्याचं पुस्तक घरी आणलेलं नव्हतं. त्याला आपल्या संघटनेचं कलम तेवढं माहीत होतं. ताईने नुसती मान हलवली असती, तर तो उद्या हातोडी घेऊन फळ्यापाशी उभा राहिला असता. हे सगळं तिला कळत होतं. पण कायद्याबद्दल कुणी सरळ प्रश्न विचारला आणि ताईने खोटं सांगितलं, असं आजवर घडलं नव्हतं. पक्षकार ढसाढसा रडत असला तरी ती जे आहे ते सांगायची. त्यावरच तिचं नाव उभं होतं.

"वर्ष भरावं लागतं," ती म्हणाली. "नेमणुकीपासून एक वर्ष. त्याआधी रजा नाही."

"पण माझी तर किती वर्षं..."

"ती धरत नाहीत. तू घरची होतीस."

दादाने चष्मा परत चढवला. तो खरोखरच गोंधळला होता. "मग आता मी काय करू?" त्याने विचारलं, ताईला, मग वहिनीला. "सांगा ना. मी तयार होतो. आता तुझा कायदाच नाही म्हणतो."

"तो सोड रे कायदा! तू भाऊ आहेस तिचा. तू दे."

"मगाशी हेच म्हणाली असतीस तर," दादा पुटपुटला, आणि वहिनीकडे बघून गप्प झाला. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

धाकटी ताईजवळ आली. खालच्या आवाजात, आतल्या खोलीत जाऊ नये इतपतच बोलली. "एवढं सांगायलाच हवं होतं का ग? त्याला माहीत नव्हतं. एकदा गप्प बसली असतीस, माझ्यासाठी."

मग तिने खिशातून इस्त्रीच्या हॉलची किल्ली काढली आणि टेबलावर कपांच्या मध्ये ठेवली. तिला अडकवलेली सुताची लाल गाठ मळून काळी पडली होती. किल्लीला कुणी हात लावेना. दादाने मान फिरवली. शेवटी वहिनीनेच ती उचलली, मुठीत धरली आणि म्हणाली, "जपून ठेवते मी." वाईट तिलाही वाटत होतं. पण मूठ काही तिने उघडली नाही.

"मी आत जाते," धाकटी म्हणाली. "तिच्या औषधाची वेळ झाली."

ताई तिच्या मागोमाग गेली. कशाला, ते तिलाच ठाऊक नव्हतं.

आई उशांवर रेलून पडली होती. अंगावर लाँड्रीचीच चादर होती, कडक इस्त्रीची, कोपऱ्याला कोपरा जुळवून घातलेली. धाकटीने तिला औषध पाजलं, हनुवटी पुसली, नाकातली नळी सारखी केली. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते.

"तुम्ही भांडत होता का ग?" आईने विचारलं.

"छे. ठरवत होतो."

"उद्या लवकर ना तुझं? हॉस्पिटलचा माल असेल."

"उद्या नाही जायचं मला."

"खाडा करू नकोस, बाई. दादा चिडतो."

"खाडा नाही, आई. रजा आहे."

"रजा?" आईने डोळे उघडले. हा शब्द या घरात तिने कधी कामगारांच्या तोंडून ऐकला असेल तेवढाच. "घरच्यांना?"

"हो. आता मी इथंच आहे. उद्यापण, परवापण."

"आणि मग तुझा हॉल?"

"हॉल आहेच की. रजा संपली की जाईन परत. जागा ठेवलीय माझी."

आईने बराच वेळ श्वास गोळा केला. "कुणी दिली? दादाने?"

धाकटीने मान वर करून ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर ताईने तो आनंदाने सोसला असता. राग नव्हता. नुसता थकवा होता.

"ताईने मिळवून दिली," ती म्हणाली.

चादरीखालून आईचा हात बाहेर आला आणि चाचपडत चाचपडत ताईच्या हातापर्यंत पोचला. घड्या घालून घालून त्या बोटांची पेरं कधीच वाकडी झाली होती.

"आप्पा म्हणायचे, पोरीला एवढं शिकवून काय करायचंय," ती थांबत थांबत म्हणाली. "मीच हट्ट धरला. चीज झालं ग, ताई. चीज झालं."

धाकटी पायथ्याशी चादरीची कड सरळ करत होती. तिने मान वर केली नाही. आई कौतुकाने हात थोपटत राहिली, आणि या वेळी ताई गप्प बसली.